न ढवळलेलं अळू

मनिलाकाकूने डुकराचं रक्त खाल्लं होतं. परदेशातून परतल्यावर पहिल्याच रविवारी, गिरगावातल्या आमच्या घरी, भरल्या पंगतीत तिने हे सांगितलं. वडिलांचा घास हातातच राहिला. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते रांधलं होतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते.

काका आगबोट कंपनीत कारकून. कंपनीने त्यांना तीन वर्षं मनिलाला पाठवलं. तिथे काका घरी वरणभात जेवत आणि काकू आठवड्यातून दोनदा एका हॉटेलात जेवायला जाई. एकटी. बाईमाणसाने एकटीने हॉटेलात बसायचं, हा आम्हाला बसलेला दुसरा धक्का. आलिंग रोसा नावाची मालकीण तिथे रोज वेगळ्या बेटाचं जेवण करायची. एके दिवशी खेकडे नारळाच्या दुधात, तर एके दिवशी कच्च्याच माशाच्या फोडी माडाच्या शिरक्यात मुरवलेल्या.

"कच्चा मासा खायला आपल्या वाडीत मांजरं आहेत," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली, आणि स्वयंपाकघर तिच्या हातात.

काकूचा एकच नियम होता, "आधी चव, मग नाव." नाव आधी कळलं की जीभ चाखत नाही, विचार करत बसते, असं तिचं म्हणणं. त्या नियमापायीच तिने ते काळसर, आंबट कालवण काळ्या वाटाण्याचं समजून वाढून घेतलं. बरोबर सांदणासारखे पांढरे, वाफवलेले गोळे होते. अर्धी वाटी संपल्यावर तिने नाव विचारलं, तेव्हा रोसाने ते डुकराच्या रक्ताचं असल्याचं सांगितलं.

"मग काय केलंस?" आईने घाबरत विचारलं.

"उरलेली अर्धी वाटी खाल्ली. पानात टाकायचं नाही, हे वन्संनीच शिकवलंय."

आत्याने आधी जेवण उरकलं. नंतर निकाल दिला. पंचगव्य घेईपर्यंत चुलीला हात लावायचा नाही. काका, वडील, आई सगळ्यांनी काकूची समजूत घातली. घोटभर घ्यायचं आणि मोकळं व्हायचं, इतकी साधी गोष्ट. काकू ऐकेना.

"पहिला घास अजाणता होता," ती आत्याला म्हणाली. "पुढचे जाणूनबुजून खाल्ले आणि मला आवडले. खोटं प्रायश्चित्त कशाला घेऊ?"

वर्षभर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून भाजी निवडत होती. रांधण्यावर इतका जीव असलेल्या बाईला ही शिक्षा काय होती, ते मला आता माझं स्वतःचं घर चालवताना कळतं. ती रडली वगैरे नाही. वासावरून बाहेरूनच सांगायची, "आमटीला हिंग राहिला." आत्या हिंग घालायची, पण मान वर करायची नाही.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि गिरगावात संचारबंदी लागली. तिसऱ्या दिवशी घरात तांदूळ, दोन नारळ, मिरच्या आणि वाळवलेल्या कोळंबीचे बरणीभर सोडे उरले. भाजीचं पानही नव्हतं. आत्या चुलीसमोर नुसतीच बसून होती. काकू उठली, वाडीतल्या विहिरीच्या सांडपाण्यावर वाढलेलं अळू कापून घेऊन आली आणि सरळ उंबरा ओलांडला. आत्या पाटावरून उठली आणि बाजूला झाली.

काकूने नारळाचं दूध काढलं. मोठ्या पातेल्यात अळू, मिरच्या आणि सोडे घातले. आत्याला सोडे चालत नाहीत म्हणून तिच्यासाठी छोट्या पातेल्यात वेगळं अळू घातलं.

"चिंच नाही घातलीस. सगळ्यांचे घसे धरतील."

"ढवळलं नाही तर धरत नाहीत, वन्सं. रोसाच्या गावची रीत आहे."

आमच्याकडे अळू घोटून घोटून करतात. आत्याचा हात दोनदा पळीकडे गेला आणि दोनदा मागे आला.

पानं वाढली. आत्याने छोटं पातेलं बाजूला सारलं, मोठ्यात पळी घातली आणि स्वतःच्या भातावर वाढून घेतलं, सोड्यांसकट. विधवा झाल्यापासून तीस वर्षांत तिने मासळीला बोट लावलं नव्हतं. वडील अर्धवट उठले. आई तोंडाला पदर लावून बसली. आत्याने शांतपणे घास गिळला.

"पहिला अजाणता," ती म्हणाली.

"आणि पुढचे?" काकूने विचारलं.

"वाढ."

घसा कोणाचाच धरला नाही.

पुढे काकांची पुन्हा मनिलाला बदली झाली. निघताना आत्याने काकूच्या हाती सोड्यांचा पत्र्याचा डबा दिला. "त्या रोसाला दे. आधी खायला घाल, मग नाव सांग."

दोन वर्षांनी काका एकटेच परत आले. काकू तिकडेच तापाने गेली होती. आम्हाला तार आली होती, तरी काका दारात एकटे दिसले तेव्हा पहिल्यांदा खरा धक्का बसला. त्यांनी तोच डबा आत्यापुढे ठेवला. रोसाने तो वाळवलेल्या अळूच्या पानांनी भरून पाठवला होता.

आत्याने त्याच दिवशी नारळ फोडला. मी मदतीला गेले आणि सवयीने पातेल्यात पळी घालू लागले. तिने माझं मनगट धरलं आणि अळू शिजेपर्यंत सोडलं नाही.