कुरडयांच्या चिकात दोनदा मीठ

शनिवारी आमच्या सौसरच्या घरी, गच्चीवर कुरडया घातल्या. मी चौथीच शिकली, म्हणून मोबाईलमध्ये बोलून राहिली अन् तो लिहून राहिला... काही उलटसुलट लिहिलं तर सांभाळून घ्या.

गल्लीतल्या चार बाया मदतीला आल्या होत्या. आमच्याकडे चीक दोन खेपांत शिजवतात; पहिली खेप शिजली की आधी सगळ्यांना वाटीभर गरम गरम खायला देतात, मग साच्यात भरतात. मला त्याच्यावर कच्चं तेल लागते, साखर नाही आवडत... पण ते राहू द्या.

शेजारच्या शांताबाईनं पहिला घास घेतला अन् तोंड वाकडं केलं. "मायबाई! हे काय, मिठाचं पोतं रिकामं केलं का?"

मी लगेच सुनेकडे वळली. "वर्षा, लक्ष कुठं असते वं तुझं? तीन दिवस भिजवलेला गहू वाया गेला ना!"

सगळ्या बायांसमोर बोलली मी. बिचारीचे डोळे भरून आले.

तेवढ्यात आमची परी आम्हा दोघींच्या मधात येऊन उभी राहिली. माझी नात, पाच वर्षांची. "आजी, मम्मीनं नाही, मीठ मी टाकलं. एवढंसं. चुकलं माझं." चिमटी दाखवली, अन् लगेच वाटी पुढे केली, "आता मला चीक दे ना."

वर्षानं तिच्यावर हात उगारला. अन् माझ्या मनात आलं, एवढ्याशा चिमटीनं एवढा मोठा गंज भरून चीक खारट होते का? मग आठवलं... आधणात मीठ मीच टाकलं होतं. लोधीखेड्याच्या बहिणीचा फोन आला, बोलून परत आली अन् पुन्हा टाकलं.

चूप राहिली असती तर पोरीच्या नावावर खपून गेलं असतं. पण ती वाटी धरून माझ्याच तोंडाकडे पाहून राहिली होती.

"वर्षा, तिला मारू नको. मीठ मीच दोनदा टाकलं. चुकलं माझं."

शांताबाई ओरडली, "चीक झाका वो! सासूनं चूक कबूल केली, आता पाऊस येते!"

वर्षा डोळे पुसता पुसता हसली. उरलेला चीक तिनं बिनमिठाचा शिजवला अन् पहिल्यात मिसळला... चव बरोबर जमली. हे तिलाच सुचलं, मला नाही.

परी "चुकलं माझं" एवढं म्हणून मजेत चीक खायला बसली. तेवढं म्हटल्यानं आपलं काही कमी होते, असं तिच्या मनातही नव्हतं. मला हे समजायला त्रेसष्ट वर्षं लागली... पोरी, तुझे उपकार आहेत माझ्यावर.