पुढच्या चाकातला दिवा

गजभिये भाऊ आमच्याकडे कधी सरळ येऊन बसले नाहीत. आले की आधी दाराची कडी लावून-काढून बघत, मग पंख्याचं बटन, मग खुर्चीचा पाय. खुर्ची आमची, घर आमचं, पण भाऊंनी हलवून पाहिल्याशिवाय तिच्यावर टेकायचं नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "भाऊ, इतकी वर्षं हिच्यावरच बसता, एकदा तरी पडलात का?" तर शांतपणे म्हणाले, "पाहून बसतो म्हणून पडलो नाही ना, वहिनी." कपाळ माझं! मी चहा टाकायला आत गेले.

जबलपूरच्या एका फॅक्टरीत ते तपासनीस होते. दुसऱ्यांनी बनवलेला माल तपासायचा आणि दोनच शब्द बोलायचे, पास किंवा रिजेक्ट. नोकरी संपली, शब्द काही सुटले नाहीत. बाजारातली वांगी रिजेक्ट, नवा कुकर रिजेक्ट, गल्लीत ठरलेल्या लग्नातला नवरामुलगा तर बघताक्षणी रिजेक्ट. माझे पोहे एकदा पास झाले तेव्हा त्यांच्या बायकोने, सुनंदाताईंनी, मला मुद्दाम फोन केला, कारण त्यांचे स्वतःचे पोहे लग्नापासून लटकलेले होते. विजय नगरात आमची घरं समोरासमोर, मधे अरुंद रस्ता. त्यांचं मूळ भंडाऱ्याकडचं. आमचं कुठलं ते आता आम्हालाच धड ठाऊक नाही, इतक्या पिढ्या इथे गेल्या. गल्लीत मराठी बोलणारी घरं ही दोनच, त्यामुळे मराठीत भांडायचं तर एकमेकांशीच भांडावं लागे.

त्यांना दोन मुलं. थोरला निखिल, धाकटी प्रज्ञा. निखिलला सायकलचं वेड. फ्रेम एकीकडून, चाकं दुसरीकडून आणून त्याने स्वतःच्या हाताने सायकल बांधली होती, आणि सुट्टीच्या दिवशी ती घेऊन तो लांब लांब जायचा. थंडीतल्या एका रविवारी तो मझौलीला निघाला. निघताना भाऊंनी त्याच्या पुढच्या दिव्याचं बटन दाबलं, दिवा लागला, भाऊ म्हणाले, "पास." परतताना दिवस मावळला, धुकं पडलं, आणि दिव्याची बॅटरी संपली. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला सायकल दिसलीच नाही. सायकलचं फक्त पुढचं चाक वाकलं होतं. ती घरी आली. निखिल नाही आला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भाऊ हेच सांगत. रडत नसत, फॅक्टरीत साहेबाला अहवाल द्यावा तसं सांगत. "बटन दाबलं. लागला. म्हटलं पास. बॅटरी किती उरली ते पाह्यलंच नाही. काहून नाही पाह्यलं मी?" लोक म्हणत, भाऊ, तुमचा काय दोष. मीही म्हटलं. त्यांना ते ऐकू जात नव्हतं.

काही महिन्यांनी त्यांनी ती सायकल गच्चीवरून खाली आणली आणि बाल्कनीत उलटी उभी केली. पुढचं चाक नवीन करायचंच होतं, तर त्यात डायनॅमो बसवायचा, असं त्यांनी ठरवलं. आपल्या लहानपणी टायरला घासणारा डायनॅमो असायचा, घर्रघर्र करणारा. आता तो चाकाच्या मधोमध, हबमध्येच बसवलेला मिळतो. चाक फिरलं की दिवा लागतो, तीच तार मागच्या लाल दिव्यालाही जाते, चार्जिंगची भानगडच नाही. भाऊ म्हणाले, "बॅटरीवर माझा भरोसा नाही, वहिनी. चाकावर आहे." नेपियर टाउनमधला एक भला सायकलवाला त्यांना असे हब मागवून द्यायला लागला. भाऊ चाकात घालून तपासत आणि परत करत.

मी गेले की मला निकाल ऐकावे लागत. "हा तैवानचा. हलका आहे, पण चाक जड जाते. निखिल म्हणते, जड चाक नाही पाहिजे." म्हणते. म्हणायचा नाही, म्हणते. हे ऐकलं की सुनंदाताई हातातलं काम टाकून आत जात. "हा जपानी. चांगला आहे, पण हळू चाललं की दिवा फडफडते, अन् चढावर पोट्टा हळूच चालवते." मी विचारलं, "आणि हा जर्मन?" भाऊंनी चाकाला हात लावून ते थांबवलं. "हा बेस आहे. पण सायकल थांबली तर?" सायकलवाल्याने सांगितलं होतं की थांबल्यावरही दिव्यात साठलेल्या विजेवर तो काही मिनिटं जळतो. "काही मिनिटं म्हणजे किती?" भाऊ म्हणाले. "चहाले थांबला, गप्पात बसला, मंग?" चहाला थांबणारा कुठे होता?

दिवेलागणीला सुनंदाताई बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावत आणि त्याच वेळी भाऊ बाल्कनीत चाक फिरवत. सायकलचं तोंड रस्त्याकडे असे. तो पांढरा उजेड समोरच्या आमच्या बैठकीत येई, भिंतीवर चढे, थरथरे, आणि चाक मंदावलं की विझून जाई. मी पडदा लावला नाही. लावावासा वाटे, पण हात होत नसे. आमचे हे पेपर खाली ठेवून त्या भिंतीकडे बघत बसत आणि उजेड गेला की म्हणत, "आला होता." कोण, ते मी विचारलं नाही.

या सगळ्यात प्रज्ञाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ती नेपियर टाउनच्या एका पॅथॉलॉजीत नव्यानेच कामाला लागली होती आणि जुन्या लेडीज सायकलवर जायची-यायची. दादाची सायकल तिने मागितली होती. भाऊंनी सांगितलं, अजून पास नाही झाली. एका संध्याकाळी मी स्कूटीवरून परतत असताना वळणावर एकदम काहीतरी काळं आडवं आलं. मी कचकन ब्रेक दाबला. बघते तर प्रज्ञा. सायकलला दिवा नाही. टोपलीत मोबाईल उभा करून त्याचा टॉर्च लावते म्हणे, आणि आज मोबाईलची बॅटरी गेली होती.

माझं डोकंच फिरलं. तिला घेऊन तशीच त्यांच्या घरात शिरले. भाऊ चाक फिरवत होते. मी म्हटलं, "भाऊ, आत्ता तुमची पोर माझ्या स्कूटीखाली आली असती. गेलेल्यासाठी दिवा निवडून राहिले तुम्ही, अन् आहे ती अंधारात फिरते." या वेळी सुनंदाताई आत गेल्या नाहीत.

भाऊंनी प्रज्ञाकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं असेल कोण जाणे. मग खाली बघून म्हणाले, "निवडता येत नाही असं नाही, वहिनी. हा जर्मन पहिल्याच दिवशी समजला मले. पण मी पास म्हटलं की लेकरू घरातून निघते. अन् मंग येत नाही."

सुनंदाताई म्हणाल्या, "मग पास म्हणू नका. नुसता बसवून द्या."

त्यांनी बसवून दिला. दादाची सायकल प्रज्ञाला मिळाली. पास हा शब्द त्यानंतर मी भाऊंच्या तोंडून ऐकला नाही, वांग्यांच्या बाबतीतसुद्धा नाही. पण स्वस्थ बसतील तर ते गजभिये कसले? रोज संध्याकाळी स्कूटर काढून नेपियर टाउनला जात आणि प्रज्ञाला न कळवता तिच्या मागे मागे येत. तेही स्वतःचा दिवा बंद ठेवून. एकदा कोणीतरी ओरडलं, "अंकल, लाइट तो जलाओ, मरना है क्या?" प्रज्ञाने वळून पाहिलं तर अंधारात बाबा. तिने विचारलं, हे काय? भाऊ म्हणाले, "माझा लावला तर तुझा लागून आहे का नाही, कसं समजल?"

प्रज्ञा रागावली नाही. थोडा विचार करून म्हणाली, "तो फिर बाबा, तुम्ही पुढे चला. मी मागून येते." स्कूटर घरी राहिली. दुसऱ्या दिवसापासून भाऊ तिच्या जुन्या लेडीज सायकलवर पुढे आणि प्रज्ञा मागे. तिच्या पुढच्या दिव्याचा उजेड त्यांच्या पाठीवर पडे आणि त्यांची सावली पुढे रस्त्यावर पडे. सावली आहे तोवर दिवा आहे, दिवा आहे तोवर पोर मागे आहे. वळून बघायचं कारणच उरलं नाही. कॉलनीतले लोक हसत, मीही हसले. आपली पोर आपल्यालाही अशी सांभाळून घेईल का, असंही मनात आलं.

एकदा कडी, पंखा, खुर्ची सगळं तपासून झाल्यावर भाऊंनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "वहिनी, सावलीत वय नाही दिसत. पांढरे केस नाही दिसत. सायकलवर एक माणूस असते, लांबच्या लांब, पुढे पुढे जाते. मले वाटते पोट्टाच चालला. घराकडे चालला." मला रडू आवरेना. ते मात्र रडत नव्हते. चेहऱ्यावर जवळजवळ आनंद होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी म्हटलं, "प्रज्ञाला सांगितलंत?" म्हणाले, "तिले सांगावं नाही लागलं. तिनंच पहिले दाखवलं."

दोन हिवाळे ती दोघं अशी आली. या पावसाळ्याच्या शेवटी भाऊंना छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आतच ते गेले. पुण्यानुमोदनाला माणसं पुष्कळ आली, फॅक्टरीतली, गल्लीतली, तो सायकलवालाही. सुनंदाताई सगळ्यांना जेवायचा आग्रह करत होत्या. प्रज्ञा आठवडाभराने परत कामावर जायला लागली, त्याच सायकलवर.

परवा संध्याकाळी ती फाटकाशी उतरली तेव्हा मी बाहेरच उभी होते. दिवा जळत होता, मागचा लालही. म्हटलं, "बाई गं, एकटीने येतेस अंधाराची, भीती नाही वाटत?"

"डर नहीं लगता, काकू," ती म्हणाली. "लाइट मस्त है. बस, आता पुढे दोघंही नसतात."