पंधरा दिवसांचं पीठ

सुट्टी लागली की आमच्या घरात हल्ली समुद्राची बोलणी निघतात. कुणी म्हणतं वेंगुर्ला, कुणी हर्णै. नातसुना नकाशा पसरतात आणि मला विचारतात, "आजोबा, तुमी मालवणला गेलावता की, सांगा की काय काय हाय तितं?" मी सांगतो, किल्ला आहे पाण्यात, नारळ आहेत, माती तांबडी आहे. तेवढ्यानं त्यांचं भागतं. खरं जे सांगायचं ते मी कधी सांगितलं नाही. आता लिहून ठेवतो. माझी शाळा तिसरीपर्यंतच झाली, तेव्हा चुकलंमाकलं वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं. पण मजकुरात चूक निघायची नाही.

सोलापुरात मार्शल लॉ होऊन गेला, त्याला दोनेक वर्षं झाली असतील. शुक्रवार पेठेच्या तोंडाला माझं ज्वारीचं दुकान होतं. आम्ही मूळचे मैंदर्गीचे. पण माल मी मंगळवेढ्याचा ठेवायचो, पांढराशुभ्र, मोत्यासारखा. गिऱ्हाईक बाई दाणा दातावर घेऊन बघायची आणि विचारायची, "विरी टिकंल का वो?" आमच्याकडं ज्वारी घेताना हाच प्रश्न असतो. विरी म्हणजे पिठाचा धरून राहायचा गुण. विरी असली तर गोळा लाकडी काटवटीत हाताखाली आपोआप फिरतो, भाकरी चंद्रासारखी होते. विरी गेली की कडा फाटतात, भाकरी उचलताना हातातच मोडते. पीठ शिळं झालं की विरी जाते, हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक. तरी मी गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगायचो, "बाई, दुसऱ्याच्या ज्वारीचं मी सांगत न्हाय. माझ्या ज्वारीची विरी म्हैनाभर हालत न्हाय." रोज दहा वेळा सांगायचो. इतक्या वेळा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं.

बायको माझी दुधनीची. माहेरी कानडी बोलत, त्यामुळं राग आला किंवा फार आनंद झाला की तिच्या तोंडून कानडी यायचं. एरवी बोलणं कमीच. त्या साली श्रावणात तिला जो खोकला लागला तो दसरा झाला तरी हटेना. अंगावरची चोळी ढगळ झाली. पाण्याची घागर उचलली की भिंतीला टेकून उभी राहायची. मागल्या थंडीत शेजारची एक बाई अशाच खोकल्यानं गेली होती. त्यामुळं घरात कुणी काही बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

डॉक्टर कोकणातले होते. त्यांनी छाती तपासली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "थंडी पडायच्या आत हिला पंधरा दिवस समुद्राची हवा द्या. मालवणला माझी आत्या एकटी असते, तिच्या पडवीत राहा. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चुलीच्या धुराजवळ हिला अजिबात बसू द्यायचं नाही."

पहिली गोष्ट मी ऐकली. दुसरी कानावरून गेली. माझ्या डोक्यात वेगळाच घोर होता, की कोकणात भातच खातात. पंधरा दिवस भात! आमच्यात भात आजाऱ्यानं खायचा नाहीतर लग्नाच्या पंगतीत. ज्वारीचा व्यापारी भात खाऊन राहिला म्हटल्यावर पेठेत तोंड कसं दाखवायचं?

मी घरात सांगितलं, पंधरा दिवसांचं पीठ दळा. आईनं आणि भावजयीनं दोन पहाटा जातं ओढलं. बायको अंथरुणावरून म्हणाली, "आठ दिसाच्या म्होरं विरी ऱ्हायाची न्हाय. ज्वारीच घेऊ. तितं कुणाचं तरी जातं आसंल की."

"म्हैनाभर हालत न्हाय," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. "आवो, ते गिऱ्हाइकाला सांगायचं," एवढंच बोलली आणि कुशीवर वळली.

तर आम्ही निघालो. पिठाची थैली, तवा, काटवट, शेंगाची चटणी, मसाला, सगळं बरोबर. कुर्डुवाडीला गाडी बदलली, तिथून छोट्या रेल्वेनं मिरज, मग कोल्हापूर. कोल्हापुरात धर्मशाळेत टेकलो आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीत बसलो. टपावर काटवट चढवताना मोटारीचा माणूस म्हणाला, "पाव्हणं, भिंती बी आणायच्या हुत्या की." फोंड्याचा घाट उतरताना बायको खिडकीला डोकं लावून झाडं बघत होती. एवढं हिरवं आम्ही दोघांनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

मालवण लहान गाव. तांबड्या दगडाची कौलारू घरं, दोन घरांमधून वाळूची पायवाट, आणि प्रत्येक पायवाटेच्या शेवटी पाणी. बाजार म्हणावा तर एक गल्ली. डॉक्टरांच्या आत्या साठीच्या, सडपातळ, बोलायला फटकळ. आमची थैली बघून म्हणाल्या, "ह्या काय हाडलंस?" हाडलंस म्हणजे आणलंस. मी पीठ म्हणून सांगितलं. "हय काय दुष्काळ पडलो हा?" म्हणाल्या. मी म्हणालो, आम्ही आमचंच खातो. त्यांनी मान हलवली आणि मागच्या पडवीत तीन दगड मांडून दिले.

पहिल्या दिवशी मी एकटाच समुद्र बघून आलो. आमचा सिद्धेश्वराचा तलाव मोठा, असं मला वाटायचं. त्या दिवशी वाळूवर मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. पाणी संपतच नव्हतं. पाण्यातच किल्ला, त्याच्या तटाला लाटा लागत होत्या. होड्या पालथ्या घालून बायका त्यांच्या सावलीत मासे निवडत बसलेल्या. परत आलो तर बायकोनं भाकरी थापून ठेवल्या होत्या. अगदी घरच्यासारख्या. मी खाताना तिला सगळं सांगितलं.

"मला कवा दावनार?" तिनं विचारलं.

"उद्या जाऊ की."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भाकरी होईपर्यंत ऊन चढलं. संध्याकाळी निघावं तर रात्रीच्या भाकरीची वेळ. उद्या, म्हणालो. तिसऱ्या दिवशीही तेच. मी मात्र रोज जायचो. बंदरावर तासन् तास बसायचो. गलबतातून कौलं उतरायची, मीठ चढायचं, ते बघायचो. आल्यावर तिला सांगायचो. ती फुंकणीनं चूल फुंकत ऐकायची. तिथं जळण म्हणजे नारळाच्या झावळ्या आणि सोडणं, म्हणजे नारळावरच्या साली, सगळं हवेनं ओलसर. धूर असा निघायचा की पडवीत माणूस दिसू नये. त्या धुरातून तिचा आवाज यायचा, "मंग? म्होरं काय झालं?" आणि मग खोकला.

आता लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही. भूक लागायची, आणि भाकरी समोर यायची.

सातव्या दिवशी भाकरीच्या कडा चिरायला लागल्या. तिनं पाणी उकळून त्यात पीठ भिजवून बघितलं, उकड काढली की भाकरी धरते म्हणून. त्याला आणखी वेळ, आणखी धूर. आठव्या दिवशी मी सकाळीच किनाऱ्यावर गेलो होतो. तिथं रापण ओढत होते. लांब समुद्रात अर्धगोल जाळं टाकतात आणि दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढत ते वाळूवर आणतात. एकानं मला हाक मारली, "येवा, हात लावा." मी धोतर खोचून दोराला लागलो. तळहात सोलले. पण जाळं वर आलं आणि त्यात चांदीसारखे मासे उडायला लागले, तेव्हा मी लहान पोरासारखा ओरडलो. त्यांनी मला एका झावळीत सात-आठ बांगडे बांधून दिले.

फार खुशीत आलो. भूक तर अशी की काय सांगू. पानात बघतो तर भाकरी नाहीच, तुकडे. चार-पाच तुकडे जोडून भाकरीचा आकार केलेला.

"हात बिघडला का काय तुजा?" मी म्हणालो.

तिचे डोळे धुरानं लाल झाले होते, कपाळाला पीठ लागलं होतं. ती पुढचा गोळा घ्यायला वळली आणि खोकल्याची उबळ आली. काटवटीवर हात टेकून वाकली ती वाकलीच.

आत्या दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "रे घाटावयल्या, बायलेक हवा बदलूक हाडलंस काय चूल बदलूक?"

मी पान पुढून सारलं.

"माझ्या भाच्यान तुका काय सांगल्यान? दर्यो हयसून चार पावलांर. आठ दिस झाले, तिना अजून बघूक नाय!"

मला डॉक्टरांची दुसरी गोष्ट तेव्हा आठवली. चुलीच्या धुराजवळ अजिबात नाही. शब्द न् शब्द आठवला. डॉक्टरांच्या ओसरीवरचा खांबसुद्धा डोळ्यांपुढं आला, मी त्याला हात लावून उभा होतो तो.

पण माणूस मी हट्टी. चुकलो म्हणून तोंडातून निघेना. "उठ," बायकोला म्हणालो. "बाहेर बस. मी थापतो."

"तुमी?"

"का? ज्वारी मला कळत न्हाय का?"

तिला अंगणात बसवलं आणि मी काटवटीसमोर बसलो. पीठ घेतलं, पाणी घातलं. जास्त झालं, पीठ घातलं. ते जास्त झालं, पाणी घातलं. असा गोळा वासराच्या डोक्याएवढा झाला. त्यातला थोडा घेऊन थापला तर तो फिरेना. बोटांना चिकटला, मधून फाटला. दुसरा उचलला तर अर्धा हातात, अर्धा काटवटीत. तिसरा तव्यावर टाकला, तो तव्यावर पडता पडता तीन जागी झाला. मी ज्याची शपथ घेत आलो ती माझीच ज्वारी, मंगळवेढ्याची, आणि माझ्याच हातात तिची माती झाली. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

अंगणातून आवाज आला, "म्हैना झाला का वो?"

बायको विचारत होती. आत्यांना मागचं काही माहीत नव्हतं, तरी माझं तोंड बघून त्या हसायला लागल्या. मग बायकोही हसली. हसता हसता तिला पुन्हा खोकला आला, पण थांबला आणि ती पुन्हा हसली. श्रावणापासून तिचं हसू मी ऐकलं नव्हतं.

मी हात धुतले. थैलीत उरलं होतं ते पीठ नेऊन आत्यांच्या गाईच्या घमेल्यात ओतलं. आत्या म्हणाल्या, "गायेक तरी आवाडता काय बघूया." गाईनं मात्र घमेलं चाटून पुसून ठेवलं.

मग आत्यांनी पेज वाढली, नव्या तांदळाची, कढत, सोबत खारातली कैरी. मी खाली मान घालून प्यालो. दुसऱ्यांदा मागितली. दुपारी त्याच बांगड्यांची तिरफळ घातलेली कढी आणि भात. चव कशी होती ते मी आजवर पेठेत कुणाला सांगितलं नाही, इथंही सांगत नाही.

ऊन उतरल्यावर तिला समुद्रावर घेऊन गेलो. खरंच चार पावलं होती. वाळूत आल्यावर ती थांबली. पदर तोंडावर धरला. "एष्टु नीरु," म्हणाली, म्हणजे केवढं हे पाणी. लाट पायावर आली तशी माझं मनगट धरलं. लोक होते आजूबाजूला, पण सोडलं नाही. मग वाकून बोट भिजवलं आणि जिभेला लावलं.

"खरंच खारं हाय की!"

"मी सांगितलं हुतं की."

"तुमी सांगितलेलं सगळं खरं आसतंय हुय?" ती म्हणाली. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवडं पानी, आन् घागरभर बी कामाचं न्हाय." त्यावर आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो, की हे पाणी आपल्या दुधनी-मैंदर्गीला गोडं होऊन गेलं असतं तर कुठवर पुरलं असतं. ती म्हणाली मैंदर्गीच्या वेशीपर्यंत. मी म्हणालो विजापूर.

पुढचे सात दिवस ती सकाळ-संध्याकाळ तिथं बसायची. पालथ्या होडीला पाठ टेकून, पाय वाळूत पुरून. कोळणींशी बोलायची. ती कानडीमिश्रित मराठी आणि त्या त्यांची भाषा, पण कुणाचं अडलं नाही. मी दोन्ही वेळा भात खाल्ला. निघताना आत्यांनी मला तांदळाची पिशवी दिली, आणि काटवट ठेवून घेतली. कपडे धुवायला बरी, म्हणाल्या.

खोकला काही पुरता गेला नाही, तो तिला शेवटपर्यंत होता. पण त्या थंडीत तिनं अंथरूण धरलं नाही. पुढं चाळीस वर्षं माझ्याबरोबर काढली. घरी आल्या आल्या मी परसात छपराखाली चूल बाहेर काढली, धूर आभाळात जाईल अशी. आई रागावली, पण ऐकलं नाही. हट्टाचा तेवढा एक उपयोग.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक एक म्हातारी, जुनी ओळखीची. दाणा दातावर फोडला आणि नेहमीसारखं विचारलं, "विरी टिकंल का रं म्हैनाभर?"

दुकानामागंच आमचं घर, मध्ये एक फळीचं दार. दारामागं बांगड्या वाजल्या आणि वाजायच्या थांबल्या. ती ऐकत उभी होती.

"आठ दिस," मी म्हणालो. "समुद्रावर न्हेलं तर सात."

"समुद्रावर कोन मरायला जातंय," म्हातारी म्हणाली आणि तिनं पायली मापून घेतली.