पंधरा ते आठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याच्याबरोबर सत्तावीस वर्षं संसार केलाय. मी तशी बोलघेवडी बाई. सोसायटीत कुणाकडे काय चाललंय ते मला दुपारी कळतं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना. पण हे एक — घशाशी येतं आणि तिथेच अडकतं. आज सांगते. मध्ये थांबवू नका, नाहीतर पुन्हा गिळून टाकीन.

नाशिकला परत येण्याआधी आम्ही आखातातल्या एका शहरात राहायचो. नवऱ्याची नोकरी खोट्या डिप्लोमावर लागलेली. तिथल्या सुरक्षा खात्यातल्या एका माणसाला ते कळलं आणि त्याने मला एकटीलाच बोलावून घेतलं. ओरडला वगैरे नाही हो! चहा मागवला. हिंदी छान बोलायचा. ‘भाभीजी, कागज मेरी दराज में रहेगा.’ बदल्यात एवढंच — आमच्या मराठी मंडळींत कोण कुणाकडे जातं, काय बोलतं, ते महिन्यातून एकदा त्याला सांगायचं. नवऱ्याला कळू द्यायचं नाही. हेरगिरी म्हणतात ना, ती ही. हळदीकुंकवाला जायचं, वाण घ्यायचं, डोळे उघडे ठेवायचे.

आणि खरं सांगू? मला मजा यायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं लिहून घेत होतं.

शैला देवळाली कॅम्पची. तिथे नाशिकच्या आम्ही दोघीच, त्यामुळे एकमेकींच्या थेट स्वयंपाकघरात शिरायचो. मला टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे माझ्या घरचा डबा तिने केला. तिचे वडील तोफखान्यातून रिटायर झालेले, नवरा मिलिंद तिथल्या बंदरावर कामाला, मुलगी सई नऊ वर्षांची.

त्या दिवाळीआधी तिच्या फ्रिजवर एक कागद लावलेला होता, वडिलांच्या अक्षरातला. पंधरा ते आठ. तेरा ते सात. सतरा ते नऊ. बाजूला बाण. कळलं ना तुम्हाला? मराठी बाईला हे सांगावं लागतं का! ठिपक्यांच्या रांगोळ्या. तिच्या आईला लिहिता येत नव्हतं, ती सांगत गेली आणि त्यांनी लिहून पाठवलं.

त्या महिन्यात माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. रिकाम्या हाताने कसं जायचं — म्हणून मी त्या कागदाचा फोटो काढला.

त्याने फोटो मोठा करून पाहिला. ‘ये नंबर क्या हैं?’

काय अवघड होतं? रांगोळी, साहेब, दारात काढतो आम्ही — बास. बोटाने टेबलावर ठिपके काढून दाखवता आले असते. मी म्हणाले, ‘पता नहीं.’ आणि त्याने विचारलेलं नसताना वर म्हणाले, ‘उसके पिताजी फौज में थे. तोपखाने में.’

त्याने पेन उचललं.

घाबरून बोलले का? थोडी भीती होती. पण मिलिंदला नुकतीच बढती मिळाली होती, आणि आमच्या मराठी मंडळात जो तो शैला शैला करत होता — तेही होतं. तेच जास्त होतं.

दहाव्या दिवशी मिलिंदला कामावरूनच उचललं. घराची झडती झाली, फ्रिजवरचा कागद घेऊन गेले. शैलाने जीव तोडून सांगितलं, त्या रांगोळ्या आहेत. तिचं कोण ऐकणार? बायकोच ती. माझं ऐकलं असतं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडायची, ‘कुणाचं काय वाकडं केलं गं आम्ही?’ आणि मी तिला वरणभात भरवायची. मिलिंद दोन वर्षं तुरुंगात होता, आणि त्या दोन वर्षांत मी महिन्याच्या महिन्याला त्याच माणसासमोर बसत होते. रांगोळीबद्दल एकदाही तोंड उघडलं नाही.

मिलिंद सुटून आला. आता देवळालीलाच असतात. दार वाजलं की तो मोरीत जाऊन बसतो. तासन्‌तास. आम्ही इकडे आल्यापासून मी दर पंधरवड्याला जाते, माझ्या बेललाही तो तसाच जातो.

गेल्या महिन्यात सईचं लग्न झालं. त्याआधी शैला माझ्याकडे आली होती. ‘ह्यांना चारचौघांत बसवत नाही गं. कन्यादानाला तुम्ही दोघं बसा. मला तुझ्याशिवाय आहे कोण?’

नाही म्हणता आलं असतं. गुडघे दुखतात, पाटावर बसवत नाही — खपलं असतं. मी हो म्हणाले.

लॉन्सवर मांडव भरलेला होता. मिलिंद मागच्या खोलीत, दार उघडं ठेवून. शैला खाली पहिल्या रांगेत, माझ्याकडे बघून डोळे पुसत होती. गुरुजी म्हणाले, मुलीच्या आईवडिलांनी हात पुढे करा.

मी केला.