बोदिल आणि जस्ताची चिठ्ठी

डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या थ्युबोरन गावी, मासळी कारखान्यात बोदिलने एकतीस वर्षं हेरिंग मासळी साफ केली. कारखाना बंद पडला तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. दुसरी कुणी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. या बाईने सरळ मी शिकवत असलेल्या प्रौढांच्या वर्गात येऊन रसायनशास्त्राला नाव घातलं. दुग्धशाळेच्या प्रयोगशाळेत तिची जागा जवळजवळ ठरली होती. अट एकच, जूनची तोंडी परीक्षा पास व्हायची. नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती.

वर्गात ती कायम पुढच्या बाकावर. "एस्किल मास्तर शिंकला तरी ही वहीत लिहून घेईल," असं बाकीचे माझ्या नावाने तिला चिडवायचे. ती हसायची, आणि लिहीतच राहायची. खरं सांगतो, मला त्याचं बरं वाटायचं.

परीक्षेच्या सकाळी टेबलावर हिरवं कापड पसरलं होतं आणि त्यावर उलट्या ठेवलेल्या चिठ्ठ्या. माझ्या शेजारी बाहेरगावचा परीक्षक होल्गर, हातात घड्याळ. बोदिलने चिठ्ठी उचलली: अभिक्रियांचे प्रकार. माझा जीव भांड्यात पडला, कारण हा तिचा हातचा विषय. पाच प्रयोग करायचे आणि प्रत्येक प्रयोगाच्या नावाची चिठ्ठी पेटीतल्या त्या-त्या प्रकाराच्या खणात ठेवायची.

मॅग्नेशियम जळलं, ते ज्वलनात गेलं. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट पडलं, पांढरा साका बसला, ते अवक्षेपणात. तांब्याच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा लालसर झाला, तो रेडॉक्समध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीत. सोड्यात आम्ल पडलं, फेस आला, ते आम्ल-आम्लारीत.

मग तिने जस्ताचा तुकडा आम्लात टाकला. बुडबुडे आले. तिने जस्ताची चिठ्ठी उचलली, आणि क्षणभर थांबून सोड्याच्याच खणात ठेवली.

"इथे का?" होल्गरने विचारलं.

"आम्ल आहे, आणि बुडबुडे आले."

"बुडबुडे उकळत्या पाण्यातही येतात, बाई. हा नियम तुम्हाला कुणी सांगितला?"

जानेवारीतल्या एका शुक्रवारी, तास संपायला पाच मिनिटं असताना मीच म्हटलं होतं: आम्ल आणि बुडबुडे दिसले की डोळे मिटून आम्ल-आम्लारीत टाका. घाईत फेकलेलं वाक्य, गाढवासारखं. सोड्याला ते चालतं, जस्ताला नाही.

बोदिलने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "कुणी नाही. माझ्या मनाचंच."

होल्गरने काहीतरी लिहिलं. तीन मिनिटं उरली होती. गप्प बसलो असतो तर माझी अब्रू शाबूत राहिली असती आणि हिची जागा गेली असती.

"खोटं बोलतेय ती," मी म्हटलं. "ते वाक्य माझं आहे. मीच शिकवलंय."

"तुमच्या वर्गात काय झालं त्याचं मला काय?" होल्गर चिडला. "मी इथे जे ऐकतो त्यालाच गुण देतो."

"मग ऐका. प्रश्न विचारायचा हक्क मला आहे ना?" मी बोदिलकडे वळलो. "मी काय बोललो ते विसर. जस्त आम्लात गेलं. इलेक्ट्रॉन कुणी दिले, कुणी घेतले?"

तिने कागद पुढे ओढला. लगेच लिहिलं, जराही न अडखळता: जस्ताने दोन दिले, हायड्रोजनने घेतले. चिठ्ठी उचलून तिने रेडॉक्सच्या खणात ठेवली.

तिला बाहेर पाठवून आम्ही दहा मिनिटं भांडलो. शेवटी होल्गर म्हणाला, "पास. पण काठावर." मी दार उघडून तिला सांगितलं, तर बाई मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली.

"माफ कर, बोदिल," मी म्हटलं. "पण इतक्या झटकन कसं लिहिलंस?"

तिने बाहीने डोळे पुसले.

"अरे, एप्रिलमध्येच वाचलं होतं मी पुस्तकात. मला वाटलं, पुस्तकच चुकलं असेल."