सासुरवाडी, आमच्याच मागच्या खोलीत

माझ्या सासूबाईंना आमच्या घरात मरायचं नव्हतं.

तसं त्या रोज सांगायच्या. चहाच्या वेळी.

"लेकीच्या दारात मरण आलं तर लोक तोंडात शेण घालतील. मला गावाकडं नेऊन टाका."

गाव म्हणजे लोह्याजवळचं. घराला कुलूप, बघणारं कुणी नाही. माझी बायको सुमन ही त्यांची एकुलती एक. म्हणून मामींचा खुबा मोडल्यावर आम्ही त्यांना लातूरला आणलं. (सासूबाईंना मी मामीच म्हणायचो.)

त्या नव्वदीच्या पुढं, आम्ही दोघं सत्तरीच्या आसपास. हिचे गुडघे गेलेले, माझी कंबर. तिघांत मिळून एक धड माणूस होत नव्हता.

अंघोळ, कपडे हिच्याकडं. गोळ्या आणि भरवणं माझ्याकडं.

आता मी पडलो कवितेतला माणूस. शाळेच्या पुस्तकातल्या कविता अजून चालीवर पाठ आहेत. पेज भरवता भरवता एखादी सुरू व्हायची आणि माझे डोळे आपोआप मिटायचे.

मामी म्हणायच्या, "पावणं, गाणं तरी संपवा न्हाई तर चमचा तरी खाली ठिवा. तोंड उघडून जबडा दुखायलाय."

पण खरं सांगायचं तर त्या खातच नव्हत्या. दोन चमचे झाले की तोंड फिरवायच्या. लेकीच्या घरी बसून खायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल. आणि या वयात ॲडमिट झालेलं माणूस घरी परत येईलच असं नाही.

ही स्वयंपाकघरात जाऊन रडायची. मग बाहेर येऊन आईला शिव्या द्यायची.

अशात धोंड्याचा महिना आला.

तीन वर्षांतून एकदा येणारा अधिक महिना. सासूनं जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, आहेर करायचा. मामींनी हा मान एकदाही चुकवला नव्हता.

त्या सकाळी त्या स्वतःहून उठून बसल्या.

"सुमे, पावण्याला धोंडे जेवू घालायचेत."

ही म्हणाली, उद्याच करते की.

"तू कोण घालणारी? सासू मी हाय. माझ्या घरी बोलवायचं."

कुठल्या घरी, हा प्रश्न आमच्या दोघांच्या तोंडावर आला असावा. मामींनी खोलीभर नजर फिरवली. खाट, वॉकर, कोपऱ्यातली त्यांची ट्रंक. म्हणाल्या, "उंबऱ्याच्या अलीकडं माझं घर."

भ्रम वगैरे काही नव्हता, हे सांगून ठेवतो. डोकं माझ्यापेक्षा शाबूत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं पाट घेऊन खोलीत शिरायला लागलो, तर मामींनी हात आडवा केला. घरातल्या घरात जावई येत नसतो म्हणे. पाव्हणा बाहेरून येतो. पिशवी घेऊन.

हिनं मला इस्त्रीचे कपडे घालायला लावले, पिशवीत केळी टाकली आणि माझ्याच घरातून मला बाहेर काढलं.

गेटपाशी शेजारचे काळे.

"कुठं निघालाव?"

"सासुरवाडीला."

"आन वहिनी?"

"ती तिथंच आहे."

"लोह्याला?"

"नाही, मागच्या खोलीत."

काळे त्या दिवसापासून माझ्याशी जरा जपून बोलतात.

कॉलनीच्या कोपऱ्यावर लिंबाखाली जाऊन बसलो. नव्या लग्नातली पहिली धोंडजेवणाची खेप आठवली. यष्टीच्या खिडकीतून दिसणारी हिरवी ज्वारी, बांधावरची बाभळ, आणि ओठांवर सातवीतली कविता... किती वेळ गेला कोण जाणे. फोन वाजला.

"यष्टी पंक्चर झाली का? पुरण गार व्हायलंय. आई दाराकडं बघून बघून थकली."

धावतपळत आलो. बेल वाजवली.

हिनं पायावर पाणी घातलं. हसू दाबताना तांब्या हलत होता.

मामी नवं लुगडं नेसून, डोईवर पदर घेऊन उशीला टेकून बसलेल्या.

"लई येळ लागला. गाडीला गर्दी होती का?"

"उभ्यानं आलो मामी."

"बसा बसा. सुमे, पाणी दे पावण्याला."

मग पंगत. पंगतीत एकटा मी. खाटेवरून हुकूम सुटत होते, तूप वाढ, अजून एक वाढ, लाजतेत ते. माझ्या शुगरचा विषय त्या दिवशी कुणीच काढला नाही. शेवटी टॉवेल-टोपीचा आहेर झाला. टॉवेल ओळखीचा वाटला. आमच्याच कपाटातला निघाला.

आणि मग मामी म्हणाल्या, "पावणे जेवले. आता मला वाढ."

मी सवयीनं चमचा घेऊन पुढं झालो. तर म्हणाल्या, पाव्हण्याकडून भरवून घेत असतेत व्हय?

स्वतःच्या हातानं दोन धोंडे खाल्ले. तूप मागून घेतलं.

ही पळी हातात धरून नुसती बघत उभी.

मी पिशवी उचलली. "येतो मामी."

"एवढ्या उन्हात? राहा की चार दिस."

माझ्याच घरात चार दिवस राहायचं मी कबूल केलं.

दारातून ही म्हणाली, "राहा. पण भांडी घासायची असतील तरच."

चार दिवसांचे किती दिवस झाले, मोजले नाहीत. रोज दोन्ही वेळा आम्ही आपापली ताटं घेऊन मागच्या खोलीत जायचो. मामी आधी आम्हाला जेवायला बसवायच्या, मग स्वतः जेवायच्या. गावाकडं न्या, हे पुन्हा त्यांच्या तोंडून आलं नाही.

थंडीत एका सकाळी त्या गेल्या. झोपेतच.

गावाकडची माणसं आली. एक म्हातारी हळहळून म्हणाली, लेकीच्या दारात गेली बिचारी.

तोवर ही हमसून रडत होती. तोंडावरचा पदर बाजूला केला.

"लेकीच्या दारात न्हाई, मावशी. तिच्या घरात गेली. आमीच राहायलो होतो तिच्याकडं."

आज दोन वर्षं झाली.

मामी, तुमच्या जावयाचा मनापासून नमस्कार.