नकाशावरचं वळण

विकास आराखड्याचा नवा नकाशा महापालिकेत लागला तेव्हा मी पट्टी घेऊनच गेलो. निवडणुकीआधीच्या नकाशात रस्ता सरळ होता, आमच्या घरापासून चाळीस फूट लांब. नव्यात तो मध्येच वाकून थेट आमच्या स्वयंपाकघरातून जात होता. तीनदा मोजलं. आकडा तोच येत होता.

वळण ज्या जमिनीला चुकवत होतं, ती नकाशावर मोकळी. प्रत्यक्षात तिथे गोडाऊन आहे. बिनपरवान्याचं, म्हणून कागदावर नाही. मालक निवडून आलेल्या माणसाचा मेहुणा. भिवंडीत अशा गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात, लिहून कुणी देत नाही. मी मापं जुळवण्याच्या नादात हरकतीच्या अर्जात लिहून बसलो : रस्ता गोडाऊन वाचवण्यासाठी वळवला आहे.

दोन दिवसांनी दोघेजण घरी आले. चहा घेतला. एक हसत म्हणाला, "काका, तुमचा हिशोब लई पक्का हाय. पण गोडाऊन कुठंय? नकाशात तर न्हाय."

"डोळ्यांना दिसतंय की."

"काकी, काकांचा चष्मा बदला." मग निघताना, चप्पल घालत, आमच्या मुलीबद्दल, "ताईची शिफ्ट सातला सुटते ना? एकटीच येते रिक्षा स्टँडपर्यंत."

ते गेल्यावर बायकोने दाराला कडी लावली आणि म्हणाली,

"ते वाक्य काढा."

"मग घर जाईल."

"जाऊ दे."

सुनावणीला मी सुधारलेला अर्ज दिला. मापं सगळी होती, ते एक वाक्य नव्हतं. सुनावणी घेणाऱ्या नगररचनेच्या साहेबांनी तो दोनदा वाचला.

"मापं बरोबर आहेत. पण रस्ता का वळला, ते आधीच्या अर्जात होतं, यात नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पहिली सरळ रेघ मीच मारली होती. पुढचं वरून आलं. तुम्ही परत लेखी दिलंत तर मला विचारता तरी येईल." त्यांनी पेन पुढे केलं.

दारात ते दोघे उभे होते. एकाने मला हात केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा.

मी पेन घेतलं नाही. हरकत निराधार ठरली.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर आता पाडकामाची लाल खूण आहे. मुलगी सात वाजून वीस मिनिटांनी घरी येते. मी साडेसहालाच रिक्षा स्टँडवर जाऊन उभा राहतो.